सुपरनोव्हाच्या अवशेषातला एक्स-रे आणि शेजारचा ढग: ढगानं नेमकं काय केलं हे कसं ठरवायचं

फिजिक्सच्या प्रोजेक्टला आजकाल बरेच जण सुपरनोव्हाचे, म्हणजे फुटलेल्या ताऱ्यांचे, अवशेष घेतात. डेटा फुकट, सॉफ्टवेअर फुकट, आणि चित्रं तर नाद खुळा. पण रिपोर्टमध्ये एक वाक्य हमखास गडबडलेलं असतं: "इथं एक्स-रे जास्त चमकतोय, इथंच ढग आहे, म्हणजे शॉक ढगावर आदळलाय." (शॉक म्हणजे स्फोटाची धक्कालाट, ढग म्हणजे ताऱ्यांमधल्या थंड वायूचा.) एवढ्यावरनं असं म्हणता येत नाही, आणि व्हायव्हाला कुणी "ढग समोर आहे का मागं?" असं विचारलं की सगळं कोसळतं. म्हणून कोल्हापुरात बसून, साध्या लॅपटॉपवर, हे काम कुठल्या क्रमानं करायचं ते सविस्तर लिहितोय.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा की ढग एक्स-रेवर एकाच तऱ्हेनं परिणाम करत नाही. ढग आपल्या आणि अवशेषाच्या मध्ये असला तर तो कमी ऊर्जेचे एक्स-रे गिळतो, म्हणजे तिथं अंधार दिसतो. शॉक ढगाच्या विरळ भागात शिरला तर तिथला वायू तापतो आणि घनतेच्या वर्गाच्या हिशोबानं उजळतो. गाभा लई दाट असला तर शॉक आत इतका मंदावतो की एक्स-रे निघतच नाहीत. त्याच गाभ्याच्या भोवती मात्र चुंबकीय क्षेत्र वाढून सिंक्रोट्रॉनचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनचे, एक्स-रे वाढू शकतात. आणि थंड ढग शेजारी असला की आतला तापलेला वायू उष्णता गमावतो, त्याचा स्पेक्ट्रम वेगळाच दिसायला लागतो. यातले काही परिणाम एकमेकांच्या उलटे आहेत, त्यामुळं पायऱ्यांचा क्रम चुकला की उत्तर चुकलंच.

उदाहरणाला मी मिथुन राशीतला आयसी ४४३ हा अवशेष धरतोय. जानेवारीत रात्री पन्हाळ्यावर गेलात तर तो भाग जवळजवळ डोक्यावर येतो. एक्स-रे अर्थातच वातावरण अडवतं, त्यामुळं डेटा अवकाशातल्या दुर्बिणीचाच लागणार.

तयारी: डेटा उघडायच्या आधी

लिनक्स किंवा मॅक असेल तर उत्तम, विंडोज असेल तर त्यात लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल टाकून घ्या. डेटा नासाच्या 'चंद्रा' या एक्स-रे दुर्बिणीचा. त्याच्यासाठी सियाओ हे सॉफ्टवेअर आणि सोबतचा कॅलडीबी, म्हणजे कॅमेऱ्याच्या दुरुस्त्यांचा साठा, स्पेक्ट्रमसाठी हीसॉफ्टमधला एक्सस्पेक, चित्रांसाठी डीएस९. कॅलडीबी जुना ठेवू नका. चंद्राच्या एसिस कॅमेऱ्याच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं मळाचा थर साचत गेलाय आणि तो नेमके कमी ऊर्जेचे एक्स-रे खातो. त्याची दुरुस्ती कॅलडीबीमध्ये असते. ती जुनी असली तर फिल्टरचा थर तुम्हाला ढगाचं शोषण म्हणून दिसेल, आणि आपण इथं तेच शोषण मोजायला बसलोय.

डेटा मोठा असतो आणि पावसाळ्यात आपल्याकडं लाइटीचा भरवसा नसतो, म्हणून तुटलेलं डाउनलोड पुढं चालू करणारी कमांड वापरा आणि रात्री लावून झोपा.

एक कागद घ्या आणि त्यावर चार गोष्टी लिहा: अवशेषाचं अंतर, आकाशातला आकार, गॅलेक्टिक अक्षांश-रेखांश, आणि शॉक लागल्याचे आधीच सापडलेले पुरावे. आयसी ४४३ साठी अंतर साधारण १.५ ते १.९ किलोपार्सेक, आकार सुमारे ४५ आर्कमिनिट, रेखांश १८९ अंश. पुराव्यात १७२० मेगाहर्ट्झचे ओएच मेसर (ओएच रेणूंचे लेसरसारखे तेज रेडिओ ठिपके) सापडलेत, हा लई मोठा पुरावा, कारण ते मेसर शॉक लागलेल्या दाट ढगातच नीट पेटतात.

तपासा: आकार तुमच्या कॅमेऱ्यात बसतो का? चंद्राच्या एसिस-आयचं क्षेत्र साधारण १७ आर्कमिनिटचं, एक्सएमएम-न्यूटन या युरोपच्या एक्स-रे दुर्बिणीचं ३० च्या आसपास. आयसी ४४३ यात एका फोटोत बसत नाही. याचा त्रास बॅकग्राउंडच्या वेळी होणार, आत्ताच नोंद करून ठेवा.

१. आधी वायूचा नकाशा, एक्स-रे नंतर

लोक उलटं करतात. एक्स-रेचं चित्र आधी बघतात, चमकणारा ठिपका डोळ्यात बसतो, आणि मग त्याच्यावर ढग शोधत फिरतात, आणि आकाशगंगेच्या पट्ट्यात शोधला की ढग कुठंही सापडतोच. म्हणून वायूचा नकाशा आधी करा आणि एक्स-रे न बघता कागदावर लिहून ठेवा की ढग कुठं आहे.

रेण्वीय वायूसाठी कार्बन मोनॉक्साइडचा (सीओ) डेटा, अणुरूप हायड्रोजनसाठी २१ सेंटिमीटरचा. सर्व्हे निवडताना दोन गोष्टी बघा, व्याप्ती आणि बारकावा. जपानच्या नोबेयामा दुर्बिणीचा फुगिन सर्व्हे साधारण २० आर्कसेकंदांपर्यंत बारीक दाखवतो, पण तो रेखांश १० ते ५० आणि १९८ ते २३६ एवढाच आहे, म्हणजे डब्ल्यू ४४ हा दुसरा अवशेष सापडेल, आयसी ४४३ सापडणार नाही. सगळ्या आकाशगंगेचा जुना सीओ नकाशा ८ आर्कमिनिटांच्या वर जाडसर आहे, त्याच्यावर आणि चंद्राच्या अर्ध्या आर्कसेकंदाच्या चित्रावर ठिपक्याला ठिपका जुळवायला जाऊ नका.

मग वेग. सीओच्या डेटामध्ये प्रत्येक दिशेला वेगाप्रमाणं उंचसखल रेषा असते. सगळे वेग एकत्र बेरीज करून नकाशा काढणं ही या पायरीतली सगळ्यात मोठी चूक, कारण मग त्या दिशेतले पुढचे-मागचे सगळे ढग एकावर एक पडतात. अवशेषाच्या वेगाजवळचा तुकडाच घ्या. आयसी ४४३ ला शांत ढग उणे ४ किलोमीटर प्रति सेकंदाच्या आसपास दिसतो, आणि शॉक लागलेल्या ठिकाणी रेषा पसरून दहापट रुंद होते. रुंद, एका बाजूला शेपूट असलेली रेषा दिसली की तिथं खूण करा.

सावधान: आयसी ४४३ आकाशगंगेच्या केंद्राच्या जवळपास उलट दिशेला आहे. त्या दिशेला आकाशगंगेच्या फिरण्यामुळं येणारा वेग जवळजवळ शून्यच असतो, जवळचा ढग आणि लांबचा ढग सारख्याच वेगाचे दिसतात. "वेग जुळला म्हणजे अंतर जुळलं" हा युक्तिवाद इथं चालत नाही. रुंद रेषा आणि मेसर, यांच्यावरच भिस्त ठेवा.

आता ढगाचं वजन, म्हणजे आपल्या नजरेच्या रेषेत दर चौरस सेंटिमीटरमागं किती हायड्रोजन आहे ते. रेषेची एकूण तीव्रता के-किलोमीटर प्रति सेकंदात (के म्हणजे केल्विन) येते. अणुरूप हायड्रोजनसाठी तिला १.८२ × १०^१८ ने गुणा, सीओसाठी साधारण २ × १०^२० ने गुणा. दुसऱ्याचं उत्तर हायड्रोजनच्या रेणूंचं येतं, म्हणून एकूण बेरजेत त्याची दुप्पट घ्यायची. सीओ १० के-किलोमीटर प्रति सेकंद असेल तर रेणू २ × १०^२१, आणि एकूण हायड्रोजनमध्ये त्याचा वाटा ४ × १०^२१ प्रति चौरस सेंटिमीटर. ही दुप्पट विसरणारे निम्मं उत्तर घेऊन पुढं जातात आणि मग एक्स-रेशी काही जुळत नाही. हा आकडा जपून ठेवा, चौथ्या पायरीत लागणार आहे.

२. एक्स-रे साफ करणं

हे पटकन सांगतो, कारण सियाओची माहिती इथं पुरेशी चांगली आहे. चंद्रा_रिप्रो चालवा, डीफ्लेअरनं खवळलेला वेळ काढून टाका, वेव्हडिटेक्टनं बिंदूसारखे तारे आणि लांबच्या दीर्घिका शोधून वगळा. मग फ्लक्सइमेजनं तीन पट्ट्यांत चित्रं करा: ०.५ ते १.२ (मऊ), १.२ ते २ (मधला), आणि २ ते ७ केईव्ही (कडक); केईव्ही हे एक्स-रेच्या ऊर्जेचं एकक. एक्सपोजरची दुरुस्ती केलेलीच चित्रं वापरा, नाहीतर चिपमधल्या फटी तुम्हाला ढगाची काळी पट्टी वाटतील.

आयसी ४४३ मध्ये दक्षिणेला कडक एक्स-रेचा एक डाग आहे, शेपटीसकट. तो पल्सार वाऱ्याचा तेजोमेघ आहे, ढगाचा त्याच्याशी संबंध जोडू नका. स्पेक्ट्रम काढताना तो पूर्ण भाग मोठ्या वर्तुळानं वगळा, कारण त्याचा सिंक्रोट्रॉन तुमच्या उष्ण वायूच्या स्पेक्ट्रममध्ये मिसळला की तापमान उगाच वर जातं.

३. समोर की चिकटून? तीन पट्ट्यांची चाचणी

इथं थांबा, घाई करू नका. अख्ख्या कामातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि हिला स्पेक्ट्रम फिट करायचीसुद्धा गरज नाही.

डीएस९ मध्ये सीओचे कंटूर मऊ पट्ट्याच्या चित्रावर टाका, मग तेच कंटूर कडक पट्ट्यावर टाका, आणि दोन्ही फ्रेम ब्लिंक करून बघत बसा. हायड्रोजन १०^२२ प्रति चौरस सेंटिमीटर एवढा मध्ये आला की १ केईव्हीचा साधारण दहावा हिस्साच आपल्यापर्यंत पोचतो, पण ४ केईव्हीचे जेमतेम ५ टक्केच कमी होतात. म्हणजे समोरचा ढग मऊ चित्रात काळी पट्टी पाडणार आणि कडक चित्रात त्याचं नावसुद्धा दिसणार नाही. कंटूरच्या आत मऊ चित्र काळं आणि कडक चित्र तसंच्या तसं, तर निदान तो ढग समोर आहे एवढं नक्की. दोन्हीकडं काळं असेल तर तिथं मुळात गरम वायूच कमी आहे. दोन्हीकडं उजळ असेल तर पुढच्या पायरीला जाण्यासारखं काहीतरी आहे.

आयसी ४४३ वर हे मस्त दिसतं. वायव्येकडून आग्नेयेकडं जाणारा शांत ढगाचा पट्टा अवशेषाच्या समोरून जातो आणि त्याच्याखाली मऊ एक्स-रे दबलेले आहेत. ईशान्येला शॉक अणुरूप वायूत घुसलाय, तिथं मऊ एक्स-रे भरपूर आहेत. ज्यानं सगळे वेग एकत्र करून नकाशा केला त्याला हे दोन भाग वेगळे दिसणारच नाहीत.

तपासा: कडक पट्ट्यात मोजायला पुरेसे फोटॉन आहेत का? आयसी ४४३ सारख्या जुन्या, थंड अवशेषात २ केईव्हीच्या वर उजेड कमीच असतो. तिथं बॅकग्राउंड वजा केल्यावर हातात काही उरत नसेल तर मधला पट्टा वापरा आणि तसं स्पष्ट लिहा.

४. स्पेक्ट्रमसाठी भाग निवडणं आणि शोषण बांधणं

भाग एक्स-रेच्या चमकेवरनं आखू नका, पहिल्या पायरीतल्या वायूच्या नकाशावरनं आखा. कमीत कमी तीन: रुंद रेषेच्या ढगावर, समोरच्या शांत ढगाखाली, आणि जिथं ढग नाही तिथं. स्पेकएक्स्ट्रॅक्टमध्ये पसरलेल्या स्रोतासाठीचा वेटेड रिस्पॉन्स चालू ठेवा.

बॅकग्राउंड: अवशेष कॅमेऱ्याबाहेर सांडतोय, त्यामुळं "रिकामा कोपरा" म्हणून जो घ्याल तो अवशेषाचाच भाग असतो, आणि तो वजा केला की खरा उजेडच वजा होतो. अशा वेळी चंद्राच्या ब्लँक-स्कायच्या, म्हणजे रिकाम्या आकाशाच्या, फाइली घ्या आणि त्या ९ ते १२ केईव्हीच्या मोजणीवरनं स्केल करा, कारण त्या ऊर्जेला आकाशातून जवळजवळ काही येत नाही, जे येतं ते कणांचं.

एक्सस्पेक उघडल्यावर पहिली कमांड मूलद्रव्यांच्या टेबलाची: विल्म. मुळात तिथं अँडर्स-ग्रेव्हेसचं जुनं टेबल लागलेलं असतं. टेबल बदललं की त्याच स्पेक्ट्रमचा एन-एच (शोषणावरनं निघणारा, दर चौरस सेंटिमीटरमागचा हायड्रोजन) बराच बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या पेपरमधल्या एन-एचशी तुलना करायच्या आधी त्यानं कुठलं टेबल घेतलं ते बघा.

आता टीबीअॅब्स या शोषणाच्या मॉडेलचा एन-एच मोकळा सोडा आणि फिट करा. जे उत्तर येईल ते पहिल्या पायरीतल्या वायूच्या बेरजेशेजारी ठेवा.

एक्स-रेचा एन-एच हा फक्त समोरच्या वायूचा, आणि रेडिओची बेरीज ही समोरच्या आणि मागच्या दोन्हींची. त्यामुळं एक्स-रेचा आकडा जवळजवळ सारखा आला तर ढगाचा बहुतेक भाग समोर, अगदीच कमी आला तर बहुतेक भाग मागं. एक्स-रेचा आकडा रेडिओच्या दुप्पट आला तर कुठंतरी चूक आहे, बहुतेक वेळा एन-एच आणि तापमान एकमेकांत अडकलेले असतात: जास्त शोषण आणि थंड वायू, किंवा कमी शोषण आणि गरम वायू, दोन्ही फिट चांगलेच दिसतात. स्टेपार चालवून दोघांचा कंटूर काढा. तो तिरका, लांबट आला तर एकटा एन-एच सांगून मोकळं होऊ नका.

५. मॉडेलचा क्रम

साध्यावरनं अवघडाकडं, आणि प्रत्येक वेळी उरलेला फरक डोळ्यानं बघून.

पहिलं एपेक, म्हणजे समतोलातला वायू. मग व्हीएनईआय किंवा व्हीपीशॉक, म्हणजे शॉक नुकताच लागलाय आणि आयनीकरण अजून तापमानाला गाठू शकलेलं नाही. यातला टाउ म्हणजे इलेक्ट्रॉन घनता गुणिले वेळ. तो १०^१२ सेकंद प्रति घन सेंटिमीटरच्या आसपास गेला की वायू समतोलाला पोचला असं धरतात.

सिलिकॉन, सल्फर सौर प्रमाणाच्या कितीतरी वर गेले तर तो उजेड फुटलेल्या ताऱ्याच्याच मालाचा आहे, ढगामुळं आलाय असं लिहू नका. ढगावर आदळून तापलेला वायू साधारण आजूबाजूच्या वायूसारखाच असायला पाहिजे.

२.६७ आणि ३.४८ केईव्हीजवळ मॉडेलच्या वर उभी कड आणि पुढं उतरती शेपूट दिसली तर थांबा. ती सिलिकॉन आणि सल्फरच्या पुनर्संयोगाची (आयन इलेक्ट्रॉन परत पकडतात त्याची) खूण, म्हणजे वायू आधी जास्त तापलेला होता आणि मग पटकन थंड झालाय. २००९ मध्ये सुझाकू या जपानी एक्स-रे उपग्रहानं आयसी ४४३ मध्ये हेच दाखवलं. इथं व्हीआरएनईआय हे पुनर्संयोगाचं मॉडेल लावायचं. ढगाकडं जाताना इलेक्ट्रॉनचं तापमान उतरत जात असेल तर ढगानं उष्णता ओढली म्हणायला आधार मिळतो. ते तसं उतरत नसेल तर वायू विरळ जागेत पसरून थंड झाला असण्याची शक्यता उघडी ठेवा.

रेषा नसलेला सपाट स्पेक्ट्रम असेल तर पॉवरलॉ, म्हणजे सिंक्रोट्रॉनचं साधं मॉडेल, पण आधी पल्सारवाला भाग खरंच वगळलाय का ते पुन्हा बघा.

६. घनता आणि वय: एक पूर्ण हिशोब

एक्सस्पेकचा नॉर्म, म्हणजे फिटमधनं येणारा मॉडेलच्या उजेडाचा आकडा, असा असतो: १०^−१४ भागिले ४π अंतराचा वर्ग, गुणिले इलेक्ट्रॉन घनता, हायड्रोजन घनता आणि आकारमान. फक्त हिशोब दाखवायला आकडे धरतो: अंतर १.५ किलोपार्सेक, भाग २ × २ आर्कमिनिट, खोली ५ पार्सेक, नॉर्म ०.००५, टाउ १०^११.

२ आर्कमिनिट म्हणजे ०.८७ पार्सेक. आकारमान ०.८७ × ०.८७ × ५, साधारण ३.८ घन पार्सेक, म्हणजे १.१ × १०^५६ घन सेंटिमीटर. नॉर्मवरनं घनता-घनता-आकारमानाचा गुणाकार १.३५ × १०^५६. भागाकार १.२. इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या १.२ पट धरले की हायड्रोजन १ प्रति घन सेंटिमीटर, इलेक्ट्रॉन १.२. टाउला १.२ ने भागा, ८.३ × १०^१० सेकंद, म्हणजे सुमारे २,६०० वर्षं. हे शॉक त्या वायूला लागून झालेली वर्षं. अख्ख्या अवशेषाचं वय म्हणून लिहू नका.

खोली आपण धरलेली आहे, मोजलेली नाही. ती निम्मी केली तर घनता १.४ पट होते आणि वय तेवढ्यानं घटतं. दोन्ही उत्तरं लिहा.

७. ही घनता ढगाची नाही

वरचं १ आलं आणि सीओच्या ढगाची घनता शेकडो-हजारोंत असते. मग पोरं म्हणतात फिट चुकला. फिट चुकलेला नाही. ढगात शिरणाऱ्या शॉकचा वेग हा बाहेरच्या वेगाला घनतांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळानं भागून येतो. बाहेर १,००० किलोमीटर प्रति सेकंदाचा शॉक असेल तर तापमान साधारण १.२ केईव्ही. १० पट दाट भागात वेग ३१६ वर, तापमान ०.१२ केईव्ही, मऊ एक्स-रे अजून निघतील, शोषण कमी असेल तर दिसतीलसुद्धा. १०० पट दाट भागात वेग १००, तापमान ०.०१२ केईव्ही, एक्स-रेच्या दृष्टीनं विषय संपला. तिथं शॉक अवरक्तात आणि रेडिओत शोधा.

म्हणून एक्स-रे दाट गाभ्यात शोधू नका, त्याच्या कडेला शोधा. पुरात पंचगंगेचं पाणी घाटावरच्या देवळांना वळसा घालताना कडेला कसे भोवरे पडतात, तसा शॉक गाभ्याला वळसा घालून जातो आणि त्या खळबळीत चुंबकीय क्षेत्र वाढतं. आरएक्स जे१७१३.७−३९४६ या दुसऱ्या अवशेषात हेच दिसतं: त्याचे एक्स-रे बहुतेक सिंक्रोट्रॉनचे आहेत, ते सीओच्या गोळ्यांच्या भोवती उजळ आहेत आणि गोळ्याच्या आत मंद. तिथं "ढग काळा आहे म्हणजे तो समोर आहे" म्हणणारा फसतो, कारण तो काळेपणा शोषणाचा असेलच असं नाही. तिसऱ्या पायरीतली कडक पट्ट्याची चाचणी इथं पुन्हा करा: समोरचा ढग असता तर कडक पट्टा अंधारला नसता.

८. रिपोर्ट देण्याआधी

प्रत्येक भागासाठी एक ओळ लिहा, आणि तिच्यात हे असू द्या: सीओची रेषा रुंद आहे का, मेसर आहे का, एक्स-रेचा एन-एच आणि रेडिओची बेरीज किती, कडक पट्ट्यात काय दिसतं, मूलद्रव्यं सौर आहेत का, उजेड उष्ण वायूचा की सिंक्रोट्रॉनचा. रुंद रेषा किंवा मेसर यांपैकी एकही नसेल तर "ढगाशी टक्कर" हे शब्द त्या ओळीत वापरू नका, "ढग त्याच दिशेला दिसतो" एवढंच लिहा. आणि चित्राखाली सीओच्या वेगाचा पट्टा न विसरता टाका, उणे किती ते अधिक किती, म्हणजे वाचणाऱ्याला तुमचा नकाशा पुन्हा काढून बघता येईल.